मावशीला मोठा स्क्रीन हवा होता

लोकांच्या कीबोर्डमध्ये काय काय साठलेलं असतं हे माहीत नव्हतं, तोपर्यंत मी सुखात होते. बिस्किटाचा चुरा, केस, कापलेली नखं, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा तो चिकट तपकिरी थर. हे ज्ञान मला मावशीमुळे मिळालं. तिला लॅपटॉप घ्यायचा होता, मोठ्या स्क्रीनचा, आणि मी तिच्याबरोबर दारोदार हिंडले. त्यानंतर कितीतरी दिवस कुणी हात पुढे केला तरी मी लांबूनच नमस्कार करायचे.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आमच्याच घरी, मागच्या खोलीत राहते. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणते आणि विषय मिटवते. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात नोकरी करते. वरच्या मजल्यांवर ऑपरेशनं होतात, वापरलेल्या कात्र्या, चिमटे, क्लॅम्प झाकलेल्या गाडीतून खाली येतात, आणि मावशी ते धुते.

त्या तळघरात दोन खोल्या आहेत आणि मधे भिंत. भिंतीत धुण्याचं मोठं यंत्र बसवलंय, त्याला दोन दारं. या खोलीतून घाण हत्यारं आत जातात, त्या खोलीत स्वच्छ होऊन निघतात. यंत्रात घालायच्या आधी प्रत्येक हत्यार उघडून, सांध्यात अडकलेलं रक्त, चरबी, कधी मांसाचा कण, बारीक ब्रशने काढावं लागतं, आणि ते काम मावशीचं. रबरी एप्रन, कोपरापर्यंत हातमोजे, तोंडासमोर प्लास्टिकची ढाल, पायाखाली सतत ओलं. पलीकडे मात्र पांढरे कपडे, भरपूर उजेड आणि बसायला स्टूल. तिथे हत्यारं भिंगाखाली तपासून, ट्रेमध्ये लावून, गुंडाळून वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायला घालतात. मावशी नोकरीला लागली तेव्हापासून अलीकडच्या खोलीत आहे. केस पिकले, कंबर धरायला लागली, तरी अलीकडेच.

यंदा पलीकडची एक जागा रिकामी होणार होती. त्यासाठी परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती परीक्षा हॉस्पिटलवाले त्यांच्या मनात येईल तेव्हा घेतात. पुढच्या वेळी मावशी वयात बसणार नव्हती. म्हणजे आत्ता जमलं तर जमलं, नाहीतर निवृत्तीपर्यंत रक्त आणि ब्रश.

परीक्षेत हत्यारांची चित्रं दाखवतात आणि नाव विचारतात. गंमत अशी की मावशी डोळे मिटूनही प्रत्येक हत्यार ओळखते, पण हातात दिलं तर. बोटांना वजन कळतं, वाक कळतो, टोकाला दाते आहेत की नाहीत ते कळतं. चित्राला हात कुठे लावणार? आणि ती अभ्यास करायची फोनवर. फोनवर बोटाएवढा चिमटाही स्क्रीनभर आणि हाताएवढा क्लॅम्पही स्क्रीनभर. सराव परीक्षेत तिने असे काही घोळ घातले की घरी येऊन जेवलीसुद्धा नाही.

"मला ते खऱ्याएवढं दिसलं पाहिजे," ती मला म्हणाली. "एकदा खऱ्याएवढं बघितलं की डोक्यात बसेल."

शिवाय तिच्या इन्चार्ज बाईंनी तिच्यावर एक काम टाकलं होतं. प्रत्येक ट्रेचा फोटो, त्यावर प्रत्येक हत्याराचं नाव, असं नव्या लोकांसाठी तयार करायचं, घरी बसून. "हे नीट केलंस तर वरच्यांच्या नजरेत येशील," असं बाई म्हणाल्या होत्या. कामही चित्रांचं, अभ्यासही चित्रांचा. म्हणून मोठा स्क्रीन.

आधी आम्ही दुकानात गेलो. विक्रेता काउंटरमागे उभ्या उभ्या काहीतरी खात होता, ते त्याने घाईने खाली सरकवलं आणि त्याच तेलकट, मसाल्याने केशरी झालेल्या बोटाने आम्हाला स्क्रीन दाखवायला लागला. जिथे बोट ठेवलं तिथे केशरी ठिपका. मी ठिपक्यांकडेच बघत राहिले.

"हा बघा मॅडम, एकदम स्लिम. एका बोटावर उचला."

"मला उचलायचा नाहीये," मावशी म्हणाली. "टेबलावर ठेवायचाय. सगळ्यात मोठा स्क्रीन कुठला?"

त्याने कोपऱ्यातला सतरा इंची दाखवला. वर म्हणाला, एवढा मोठा हल्ली कुणी घेत नाही, फोटो काय, लहान स्क्रीनवरही मोठा करून बघता येतो.

"मोठा केला की टोक दिसतं आणि मूठ बाहेर जाते. मूठ आणली की टोक जातं. मला दोन्ही एकदम हवंय."

एवढं बोलून तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक लांबलचक चिमटा काढला. पोटाला लहान भोक पाडून दुर्बिणीने ऑपरेशन करतात, त्यातला. वरचं काळं आवरण चिरलं म्हणून मोडीत काढलेला, आणि इन्चार्ज बाईंना विचारून तिने अभ्यासाला आणलेला. तो तिने स्क्रीनपुढे धरला. आडवा मावेना. तिरपा धरला तेव्हा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नेमका बसला. मावशीचा चेहरा खुलला. तिचा चेहरा क्वचित खुलतो, म्हणून मला आठवतंय.

"हे काय आहे?" विक्रेत्याने विचारलं.

"पोटात घालतात."

"म्हणजे... घातलेला?"

"मग काय, शोभेला असतो?"

शेजारी उभं असलेलं एक जोडपं दोन पावलं मागे सरकलं. दुकानाचा मॅनेजर आला आणि हातभर लांबूनच म्हणाला, "मॅडम, ते प्लीज आत ठेवा." तो चिमटा त्या दुकानातली सगळ्यात स्वच्छ वस्तू होता. केशरी बोटाचं कुणाला काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मावशीने शांतपणे किंमत विचारली, ऐकली, चिमटा फडक्यात गुंडाळला आणि विक्रेत्याचे आभार मानले. नवा घेणं काही तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

मग वापरलेले बघायला लागलो. इथून पुढे माझी खरी दैना.

पहिला माणूस दिवसभर घरी बसून शेअरची खरेदीविक्री करायचा. लॅपटॉप पलंगावर, पलंगावर चादर नव्हती, आणि तो स्वतः बनियनवर. खोलीला बंद डब्यात राहिलेल्या जेवणाचा वास. स्क्रीन मोठा होता, पण त्यावर शिंकांचे वाळलेले थेंब होते. मावशीने ते दाखवले. त्यावर त्या गृहस्थाने काय करावं? अंगठा तोंडात घालून ओला केला आणि स्क्रीनवर चोळला. "झालं साफ," म्हणाला, वर आमच्याकडे बघून हसला. मी जिन्यापर्यंत कशीबशी आले. मावशी मागून येत म्हणाली, "रक्त परवडलं."

दुसरीकडे शिकवण्या घेणाऱ्या एक बाई होत्या. घर चकाचक, लॅपटॉपवर विणलेलं आवरण, त्याला झालर. मला वाटलं, इथे जमणार. मावशीने कान कोरायची कापसाची काडी काढली आणि कीबोर्डच्या दोन बटणांमधून हळूच फिरवली. काडी वर आली ती काळी, आणि तिला एक केस चिकटलेला. मावशीने ती बाईंसमोर धरली. तिला त्यात काही उद्धट वाटत नव्हतं. तळघरात असंच दाखवतात. पण बाईंचा पारा चढला.

"वापरातली वस्तू आहे. एवढी घाण शोधून काढायला तुम्ही काम तरी काय करता?"

मावशीने काय करते ते सांगितलं.

"शी! आणि तुम्ही मला सांगताय?"

आम्ही उठलो. त्या झालरीचं विणकाम खरंच सुंदर होतं, आणि तिच्याखाली वर्षानुवर्षं मुलांच्या शेंबड्या बोटांचं लोणचं मुरत पडलं होतं. लोकांना घाण चालते, फक्त ती झाकलेली हवी आणि दुसऱ्या कुणीतरी उपसायला हवी. ती जी उपसते तिला मात्र नाक मुरडायचं.

असं आणखी दोन-तीन घरी झालं. परीक्षा जवळ येत होती आणि मावशी पुन्हा फोनमध्ये डोळे बारीक करून बसायला लागली होती. तेव्हा दादा म्हणाला, "माझा घे की."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. विमा कंपनीत साहेब. स्वच्छतेच्या बाबतीत नाकाने कांदे सोलणारा. खिशात हात साफ करायच्या जेलची बाटली, दाराच्या कडीला हात लावला की दोन थेंब. मावशीने वाढलेलं त्याला चालत नाही. तोंडावर म्हणत नाही, फक्त स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतो, आणि मावशी कामावरून आली की विचारतो, "काय मावशी, आज कुणाचं पोट?" सगळ्यांनी हसायचं असतं. आई थोडंसं हसते आणि नंतर मावशीला म्हणते, "त्याचं मनावर घेऊ नकोस." मला ते हसू कधीच जमलं नाही.

दादाला पातळ, नवा लॅपटॉप घ्यायचा होता. जुना त्याचा चांगला दणकट, सतरा इंची, कीबोर्डवर पारदर्शक रबरी आवरण. "घरातल्या घरात व्यवहार. पैसे सावकाश दे," तो उदारपणे म्हणाला. आईला भरून आलं.

मावशीने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि ते रबरी आवरण उचललं.

मी बघायला जायला नको होतं. आवरणाखाली ओलसर काहीतरी होतं. आंबट वास आला. दादा पलंगावर पडून, पोटावर लॅपटॉप ठेवून खायचा, हे आम्हाला माहीत होतं. जे खायचा त्याचा अर्क आवरणाच्या कडेने आत झिरपून बटणांच्या मुळाशी साचला होता आणि त्यावर बारीक पांढरी लव आली होती. बुरशी. जेलच्या बाटलीवाल्या माझ्या भावाची.

मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खोलीतून हातमोजे, ब्रश आणि कापूस घेऊन आली आणि कामाला लागली. टेबलाचा डावा भाग घाणीचा, उजवा स्वच्छ. डावीकडचं फडकं उजवीकडे जायचं नाही. बटणं एकेक करून काढली, धुतली, उजवीकडे ओळीने वाळत घातली. आई दोनदा विचारून गेली, टेबल जेवायच्या वेळेपर्यंत मोकळं होईल ना. दादा लांबूनच म्हणाला, "मावशी, ऑपरेशन यशस्वी झालं का?" स्वतःची बुरशी बघायला तो जवळ आला नाही.

कीबोर्ड नव्यासारखा झाला. मग मावशी स्क्रीनकडे वळली आणि तिथे तिने ती चूक केली. स्क्रीनवर मधोमध एक चिवट डाग होता. हत्यारावर असा डाग राहिला तर तो जाईपर्यंत घासायचं, सोडायचं नाही, हे तिच्या हाडामांसात मुरलेलं. तिने जोरकस जंतुनाशक घेतलं आणि जीव खाऊन घासलं. पोलाद घासलेलं सोसतं. स्क्रीनवर चकाकी कमी करायला एक पातळ लेप असतो, तो सोसत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. लॅपटॉप सुरू केला तर डाग गेला होता आणि त्याच्या जागी बशीएवढं धुरकट वर्तुळ पसरलं होतं. पुसून जाईना. फुंकर मारून जाईना.

मावशी हातमोजे न काढता तशीच उभी राहिली. "माझ्या हातून असं होत नाही," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "असं कधी होत नाही गं."

दादा आता जवळ आला. "तरी मी म्हणत होतो. हिच्या हातात काहीही द्या, धुऊन टाकणार." आता लॅपटॉप परत घ्यायचा प्रश्नच नव्हता, हे त्याने लगेच स्पष्ट केलं. पैसेही कमी केले नाहीत. आईने एवढंच म्हटलं, "तुझा हात जरा जडच आहे." बुरशीबद्दल या घरात कुणी एक अक्षर काढलं नाही. मी काढलं, तर आई म्हणाली, "तू गप्प बस. जेवायची वेळ आहे."

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी मावशीच्या खोलीत डोकावले तर ती मान तिरकी करून बसली होती. त्या लांब चिमट्याचा फोटो तिने खऱ्याएवढा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लावला होता आणि खरा चिमटा शेजारी धरला होता.

"मधला भाग दिसत नाही ना तुला," मी म्हटलं.

"मधे नुसती दांडी असते. ती सगळ्यांची सारखी," ती म्हणाली. "फरक टोकाला आणि मुठीला. ती दिसतायत."

लहान हत्यारं ती चारी कोपऱ्यांत मांडायची. स्क्रीन मोठा होता म्हणून कोपरेही ऐसपैस होते. तसाच तिने सगळा अभ्यास केला आणि तसेच तिने इन्चार्ज बाईंना सगळ्या ट्रेंचे तक्ते करून दिले. संध्याकाळी कामावरून यायची, आंघोळ करायची, आणि त्या धुक्याच्या कडेकडेने कात्र्या आणि चिमटे बघत बसायची. मी नावं झाकून विचारायची. पहिल्यांदा चुकायची, मग कमी चुकायला लागली, मग मलाच नावं पाठ झाली.

ती पास झाली. नुसती पास नाही, इन्चार्ज बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं की चित्रांमध्ये ती एकदाही चुकली नाही. पलीकडची जागा तिला मिळाली. मावशी खुर्चीत बसून राहिली, दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून, जसे कुणाचे तरी दुसऱ्याचेच आहेत. आई रडली. दादा म्हणाला, "अभिनंदन मावशी, माझ्या लॅपटॉपची कमाल," आणि हे तो मनापासून म्हणाला, म्हणून जास्त किळसवाणं होतं.

आईने लगेच फोन हातात घेतला आणि नातेवाइकांना कळवायला सुरुवात केली. आम्ही तिथेच बसलो होतो. तिच्या चुलतबहिणीला, अक्काला, ती सांगत होती, "अगं हो, हॉस्पिटलातच. आधी ऑफिसात होती ना, कागदपत्रं वगैरे. आता बढती मिळाली. स्टराइल विभागात. एकदम पांढरे कपडे."

मी मावशीकडे बघितलं. कागदपत्रं वगैरे. इतकी वर्षं माझी आई लोकांना हे सांगत होती, आणि आम्हा दोघींनाही ताकास तूर लागू दिला नव्हता.

मावशी उठली. आईसमोर जाऊन तिने हात पुढे केला. "ताई, जरा दे." आईने गोंधळून फोन दिला.

"अक्का, मी बोलतेय. बरी आहे. ऐक, मी ऑफिसात कधीच नव्हते. मी ऑपरेशनची हत्यारं धुते. हो, तीच, रक्ताची. पहिल्यापासून तेच केलं. आता ट्रे लावायला घेतलंय." ती थोडा वेळ ऐकत राहिली. "नाही, लाज कसली. चांगलं धुते म्हणून तर घेतलं. थांब, ताईला देते."

आवाज चढला नव्हता, की डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने फोन आईला परत दिला.

आईने तो घेतला, गाउनला नीट पुसला, आणि मग कानाला लावला.

तिला स्वतःला कळलंही नसेल. अक्काशी ती पुढे बोलायलाही लागली, काहीतरी गुडघेदुखीबद्दल. मला माझ्या आईची शिसारी आली. असं लिहू नये, पण आली, आणि दादाच्या बुरशीने किंवा त्या ओल्या अंगठ्याने आली नव्हती इतकी आली.

मावशीने ते बघितलं होतं. ती क्षणभर आईच्या गाउनकडे बघत उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "चल, उद्या लवकर जायचंय, पहिली पाळी आहे."